जिन्यातल्या उजेडात साळवेबाई

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. एक्कावन्नाव्या वर्षी माझ्या कपाळावर, बरोब्बर टिकलीच्या खाली, मसुराच्या डाळीएवढा पांढरा डाग उठला. मी काय केलं? टिकली मोठी लावली. थोड्या महिन्यांत डाग त्या टिकलीएवढा झाला. मग मी त्याहून मोठी आणली. डागही मागे राहिला नाही. पावणेदोन वर्षं आमची ही शर्यत चालली होती. शेवटी शेवटी माझ्या कपाळावर रुपयाएवढी लालभडक टिकली होती आणि ठाण्याच्या ऑफिसातल्या मुली म्हणायच्या, "मॅडम, हल्ली तुमच्या चेहऱ्यावर काही वेगळंच तेज दिसतं." मी गंभीरपणे मान डोलवायचे.

कुणाला दाखवलं नाही, कारण आमच्या मेधासाठी स्थळं बघणं चाललं होतं. आईला कोड आहे म्हटलं की मुलीच्या पत्रिकेत दहावा ग्रह येऊन बसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत तो ग्रह मी स्वतःच बसवलेला होता.

मूर्खपणाचा दुसरा भाग याहून वाईट आहे. त्याच दिवसांत मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. पहिल्या मजल्यावर त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, आणि त्यांना नोटीस मीच लिहिली. माझ्या सुंदर हस्ताक्षरात. 'जिन्यातील सामाईक जागेत ठेवलेले बाकडे आठ दिवसांत हटवावे. त्यावर बसणाऱ्या रुग्णांमुळे सभासदांच्या आरोग्यास धोका संभवतो.' 'संभवतो' हा शब्द सुचला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. एका हातानं कपाळावरची टिकली दाबत दुसऱ्या हातानं असलं पत्र लिहिणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी रोज आरशात पाहायचे.

त्या डॉक्टर म्हणजे लीला साळवे. सगळे साळवेबाईच म्हणायचे. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र थेट चौथ्या मजल्यापर्यंत. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही उलटं बांधलेलं, काच आतल्या बाजूला. बाहेर असलं की पेशंटला ओरखडा जातो म्हणायच्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची छाती आमच्या इमारतीत एकाही बाईला झाली नाही, आणि आमच्या इमारतीतल्या बायका छातीला कमी नव्हत्या. त्या कळव्याच्या चाळीत वाढल्या एवढंच आम्हाला माहीत होतं, कारण ते त्या स्वतःच सांगायच्या. "अकरा बिऱ्हाडं आणि एक नळ. खरूज मी पुस्तकात वाचायच्या आधीच पाठ केली होती."

त्यांच्या दवाखान्याची खोली अंधारी होती. शेजारची इमारत इतकी जवळ, की तिथल्या बाईनं मिरचीची फोडणी दिली की इथला पेशंट खोकायचा. पण दाराबाहेर जिन्याच्या चौकात एक मोठी खिडकी होती, पूर्वेची. तिच्यातून सकाळभर स्वच्छ ऊन आणि नंतर दिवसभर चांगला उजेड यायचा. त्या खिडकीखाली बाईंनी हिरवं लाकडी बाकडं टाकलं होतं. चेहरा, हात, पाय त्या तिथंच बघायच्या. बाकीचं अंग आत, पडद्यामागे, आणि फारच अडलं तर खिडकीत जुनी चादर धरून. "ट्यूबलाइट खोटं बोलते," त्या म्हणायच्या. "तिला लाल आणि जांभळा सारखाच. माझा अर्धा धंदा त्या दोघांतल्या फरकावर चालतो." सूर्य मावळला की पाटी उलटी. कुणी धापा टाकत आलं, "बाई, फक्त पाच मिनिटं," तर म्हणायच्या, "सूर्याला विचारा. तो थांबला तर मी थांबते."

पेशंट बसला की काय होतंय हे त्या विचारत नसत. पहिला प्रश्न एकच. "काय काय लावलंत?"

माणसं आपली कहाणी सांगायची तयारी करून आलेली असत, ती या प्रश्नाला गडबडत. मग हळूहळू बाहेर पडायचं. तुरटी. लसूण. टूथपेस्ट. मामींनी सांगितलेला बिब्बा, त्यानं भाजून उठलेले फोड. एकानं रॉकेल लावलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी, अपराध कबूल करावा तशी, पिशवीतून निघायची ती मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब. बाई ती ट्यूब उन्हात धरून वाचायच्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. डब्यात आधीच शंभरेक ट्यूबा पिळवटून पडलेल्या असत. गजकर्णावर हे मलम लावलं की चार दिवस खाज थांबते, वाटतं बरं झालं, आणि आत ते दुप्पट पसरत राहतं. "ही बुरशीला जेवण घालते आणि तुम्हाला झोपवते," असं समजावून त्या पुढे विचारायच्या, "घरात टॉवेल किती?" एका घरातली पाच माणसं एका रांगेत बसलेली असत, पाचांना गजकर्ण आणि मिळून एक टॉवेल.

तर नोटीस द्यायला मी स्वतः गेले. सकाळचे दहा वाजले होते. बाकड्यावर चौघं होते. बाईंनी कागद घेतला, पण वाचला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग सरळ हनुवटी धरली आणि माझं तोंड खिडकीकडे वळवलं, मडकं उजेडाला धरून तडा बघतात तसं.

"किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस? मी सोसायटीतर्फे आलेय."

"आत या."

आत का नेलं ते तेव्हा मला कळलं नाही. बाकड्यावर चौघं बसले होते म्हणून. आत गेल्यावर त्यांनी नखानं टिकली काढली, उलटी केली, तिच्या पाठीचा गोंद बोटाला लावून बघितला, आणि पुन्हा कपाळावर टेकवली. डाग आणि टिकली, मापाला माप.

"या गोंदात एक रसायन असतं. काही जणांच्या कातडीचा रंग खातं ते. तुम्ही डाग झाकत नव्हतात, त्याला वाढत्या मापाचे कपडे शिवत होतात."

मी मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे कोड नाही ना? सुटले बाई."

"कशातून सुटलात?"

बाई पुढे म्हणाल्या, "बाहेर निळ्या साडीतल्या बाई बसल्यात ना, त्यांना कोड आहे. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. कोड आहे म्हणजे कोड आहे. चामडीच्या रंगाचा कारखाना जागोजागी बंद पडलाय, बाकी बाई ठणठणीत. त्या माझ्याकडे सुटायला येत नाहीत, औषधाला येतात. तुम्हालाही औषध देते. आणि सहा महिने कपाळाला काही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकू नाही, गंध नाही."

"डॉक्टर, माझे मिस्टर आहेत."

"बरं. मग?"

"लोक काय म्हणतील?"

"टिकली काढल्यानं नवरा गेला अशी एकही केस माझ्याकडे आलेली नाही. आली तर कळवीन."

मग त्यांनी नोटीस उघडली, सबंध वाचली आणि घडी घालून परत माझ्या हातात दिली. "अक्षर छान आहे, सेक्रेटरीबाई. सभेला येते मी." त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. सेक्रेटरीपद सुटून वीस वर्षं झाली तरी मी सेक्रेटरीबाईच.

मी शहाण्यासारखं अर्धं औषध केलं. घरात कपाळ मोकळं, उंबऱ्याबाहेर टिकली. मलम मात्र रोज लावायचे, आणि सोसायटीचं काहीतरी काम काढून दर आठवड्याला दवाखान्यात जायचे. जिना चढताना बाकड्यापासून अंगाचं अंतर राखायचे. त्या बाकड्याचीच नोटीस माझ्या फायलीत होती, आणि माझं नाव बाईंच्या वहीत.

अशाच एका सकाळी खडवलीचे आत्मारामबाबा आले होते, पडदा नको म्हणून सदरा काढून बाकड्यावरच बसलेले. डाव्या कुशीवर नागीण. पाण्यानं भरलेले फोड बरगडीच्या वाटेनं पाठीकडून पोटाकडे निघालेले. गावात कुणीतरी सांगितलेलं, नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस संपतो. त्यामुळे बाबांच्या मुलानं रोज सकाळी दोन्ही टोकांना बॉलपेननं रेघ मारून मधलं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजायला सुरुवात केली होती. अंगावर सात दिवसांच्या रेघा होत्या.

बाईंनी त्याच्याकडून पेन मागून घेतलं. बाबांच्या पाठीच्या कण्यावरून एक उभी रेघ ओढली, छातीच्या मधून पोटापर्यंत दुसरी. "ही हद्द. नागीण एका नसेच्या रस्त्यानं चालते. ती नस इथं निघते आणि इथं संपते. रेघेपलीकडे दुसऱ्याचं शेत, तिकडे ती जात नाही."

"आणि मागे वळली तर?" मुलानं विचारलं.

"साप आहे का तो? नावाला भिऊ नका. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू आहे, नसेत झोपलेला होता, आता उठलाय. आग मात्र खरी आहे बाबा, ती सोसत बसू नका. गोळ्या लिहून देते. आणि घरच्यांनी महिनाभर यांची चिडचिड ऐकून घ्यायची."

बाबांनी छातीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे मी मरत नाय?"

"यानं तर नाही."

"मंग मी परवा पोरांना जमिनीची वाटणी करून दिली, तिचं काय?"

साळवेबाईंनी भिंग खाली सोडलं. "त्याच्यावर माझ्याकडे मलम नाही."

निळ्या साडीतल्या फिजिक्सच्या बाई बाकड्यावर हसता हसता वाकल्या. मी उभीच होते, मीही हसले, आणि हसताना माझी टिकली घामानं सरकली. बाईंनी ते पाहिलं.

सभा लांबत लांबत दोन महिन्यांनी एका रविवारी झाली, खालच्या पार्किंगमध्ये. करंदीकर चेअरमन. बँकेतून निवृत्त झालेले, माणूस तसा वाईट नव्हता, फक्त दाराची कडीसुद्धा रुमालानं धरायचा. मी त्या दिवशी सगळ्यांत मोठी टिकली लावून गेले होते.

"डॉक्टर, तुमच्याशी आमचं काही भांडण नाही," करंदीकर म्हणाले. "पण जिन्यातून लहान मुलं येतात-जातात. तुमच्याकडे काय काय येतं ते आम्ही बघतो."

"बघता ना? मग नीट बघा. कोड लागत नाही. सोरायसिस लागत नाही. इसब लागत नाही. खरूज लागते, पण ती बाकड्यावर बसून सहसा नाही, एका पांघरुणात झोपून. तसं कुणी माझ्या पेशंटबरोबर झोपत असेल तर या, औषध देते."

चार माणसं हसली. करंदीकर हसले नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना काय, सवय असते." कसली सवय, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. बाईंनाही कळलं. त्यांनी मान वळवून बघितलं, आवाज कुणाचा ते ओळखलं आणि मान पुन्हा पुढे आणली.

"असेल, तुमचं सगळं खरं असेल," करंदीकर म्हणाले. "पण आपल्या इमारतीत आजवर कुणाच्या घरात असला रोग नाही. ती तशीच राहावी, एवढंच."

आता बघा. एक बोट माझ्याकडे करायचा अवकाश होता. सेक्रेटरीच्या कपाळावर काय आहे ते विचारा, एवढं एक वाक्य, आणि ठराव तिथंच कोसळला असता. त्यांच्या कामाचा सगळा उजेड त्या बाकड्यापाशी होता. बाई वर बघत होत्या, पंख्याकडे बघावं तशा. पार्किंगमध्ये पंखा नसतो. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "तिथं उजेड आहे म्हणून बाकडं तिथं आहे," एवढं म्हणून त्या बसल्या.

हात वर झाले. माझाही झाला. 'ठराव एकमताने मंजूर' असं मी इतिवृत्तात लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली. त्या सेक्रेटरीची मला आज इतकी गंमत वाटते, की ती मी नसते तर मी तिला चिमटे काढले असते.

सोमवारी बाकडं खाली गेलं, पाण्याच्या टाकीमागे. मंगळवारी दवाखाना नेहमीच्या वेळी उघडला. पेशंट खिडकीत उभे. कुणी विचारलं, "बाई, बाकडं?" तर उत्तर आलं, "बाकडं नेलं. ऊन नेलं नाही ना? मग ये पुढे." म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसू लागली. कमिटीतल्या एकानं आत जाऊन सांगितलं, पायऱ्या अडवायच्या नाहीत. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही त्यांना उचलून घरी सोडा. पत्ते देते."

मी रोज आठ-चाळीसला त्यांच्यातून वाट काढत ठाण्याला निघायचे. टिकली लावून.

शुक्रवारी जिना उतरत होते तर खिडकीत पार्वती उभी. आमच्याच इमारतीत चार घरची भांडी घासायची, त्यांतलं एक घर माझं. पाण्यात राहून तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, पांढऱ्या पडून फाटलेल्या. एका पायावर उभी राहून तिनं खिडकीचा गज धरला होता. आणि साठीला आलेल्या साळवेबाई खाली फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. पार्वतीचा दुसरा पाय त्यांच्या मांडीवर. साडीला त्या पायाचा ओला ठसा उमटलेला.

"निघालात का ताई?" पार्वती ओशाळून म्हणाली.

मी खिडकीच्या उन्हातच थांबले. बाईंनी मान वर केली नाही. "सेक्रेटरीबाई, जरा बाजूला व्हा. अंधार पडतोय तुमचा."

मी दहा पायऱ्या उतरले. मग दहा पायऱ्या चढले, आणखी दोन मजले चढले, घरात गेले, बेसिनच्या आरशासमोर टिकली काढून टाकली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली. हे पेपर वाचत होते, म्हणाले, "कुठं निघालीस खुर्ची घेऊन?" म्हटलं, "दवाखान्यात." खुर्ची खाली आणून खिडकीत ठेवली, पार्वतीला बसवलं. तिचं झाल्यावर मी बसले. भर उन्हात, रुपयाएवढा पांढरा डाग घेऊन. त्या दिवशी ऑफिसला दांडी.

अर्ध्या तासानं करंदीकर भाजी घेऊन वर आले.

"हे काय, सुनंदाबाई? खुर्ची कुणाची?"

"माझी. नंबर लागलाय माझा."

"आणि कपाळाला काय झालं तुमच्या?"

"आपल्या इमारतीत नाही ना, तो रोग."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण ठराव झालाय. तुम्हीच लिहिलात."

"लिहिला. माझ्या अक्षरात आहे. खुर्ची हटवायची असेल तर दुसरी नोटीस लिहावी लागेल, आणि ती लिहायला तुम्हाला दुसरी सेक्रेटरी लागेल. तिला आधी विचारून घ्या, तिच्या अंगावर कुठं काही नाही ना."

करंदीकर वर निघून गेले. मला वाटलं बाई आता काहीतरी बोलतील, पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "दोन महिने बाहेर टिकली लावत होतात ना? आता औषध पहिल्यापासून सुरू."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकबाई प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. वर्षानुवर्षं परकराची नाडी एकाच जागी करकचून बांधून त्यांच्या कमरेला काळा खरखरीत पट्टा पडला होता, नवऱ्यालाही दाखवला नव्हता म्हणे. बाईंनी आत नेऊन बघितलं. "नाडी रुंद घ्या आणि रोज जागा बदला. इतकी वर्षं कुणावर राग काढत होतात?" स्टूल तिथंच राहिलं. मग कुणाचा वेताचा मोडा, कुणाची ऑफिसातली फिरती खुर्ची. दिवाळीपर्यंत जिन्यात सात बैठका झाल्या, सात घरांच्या. कुणाची हटवायची?

मेधाचं जुळत आलेलं एक स्थळ गेलं. मुलाच्या आईनं फोनवर 'पत्रिका नीट जुळत नाही' म्हणून सांगितलं. मी दोन दिवस रडले. मेधा म्हणाली, "आई, तो पोहे खाताना सारखा फोनमध्ये बघत होता, तुला दिसलं नाही, मला दिसलं." पुढं तिचं छान झालं, नात कॉलेजात आहे, आता पुरे.

करंदीकर आले, पण दोन वर्षांनी. पाटी उलटायला पाच मिनिटं असताना, रुमालात काहीतरी गुंडाळून. मी तोवर निवृत्त होऊन दवाखान्यात नंबर द्यायला बसत होते. बाईंनी विचारलं, "काय काय लावलंत?" त्यांनी रुमाल उलगडला. तीन ट्यूबा. बाईंनी तिन्ही डब्यात टाकल्या, त्यांना आत नेलं, औषध दिलं, टॉवेल वेगळा ठेवायला सांगितला. जाताना करंदीकर म्हणाले, "टाकीमागचं बाकडं आणून देऊ का वर?"

"नको. खुर्च्यांना पाठ असते."

या नंबरच्या टेबलावरून मी त्यांना बरीच वर्षं पाहिलं. दामू आचारी यायचा. लग्नाच्या हंगामात भट्टीसमोर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घामानं निथळायचा, कारण कोपरांवर सोरायसिसचे चांदीसारखे पापुद्रे होते आणि कुणी पाहिले तर काम जाईल. एकदा गेलंही. बाईंनी सोसायटीच्या पूजेचा शिरा त्याला सांगायला लावला. वाढताना म्हणाल्या, "दामू, बाह्या वर कर." सगळ्यांसमोर त्याचे कोपर हातात घेऊन त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, हे काय आहे आणि का लागत नाही. "ज्याला नको त्यानं खाऊ नये. माझा द्रोण भर." निम्म्या लोकांनी खाल्ला. उरलेल्या निम्म्यांना वासानं आणलं.

आणि एक वॉचमन. पाठीवर फिकट चट्टा, खाज नाही, दुखत नाही, म्हणून दोन वर्षं दुर्लक्ष. बाईंनी त्याला डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की बोट वर कर." हातावर लागला, बोट वर. मानेवर लागला, बोट वर. चट्ट्यावर कापूस फिरत राहिला आणि त्याचं बोट खालीच. मी चादर धरून उभी होते, ती आणखी वर धरली. बाईंनी डोळे उघडायला सांगितले आणि आवाज न उतरवता म्हणाल्या, "कुष्ठरोग आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नियमानं घेतल्यास की बरा होशील."

"बाई, कोणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. या चादरवाल्या बाईही नाही सांगणार. पण तू गोळ्यांपासून लपलास तर बोटं जातील. लोकांपासून लपायचं तर लप, माझ्यापासून नाही." दर महिन्याला तो रिकामं पाकीट दाखवायला यायचा. बाई पाकीट मोजून बघायच्या, मग त्याचा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून बघायच्या. त्या हाताला तसं धरणारं त्या काळात दुसरं कुणी होतं असं मला वाटत नाही.

माझ्या कपाळाचा रंग बराचसा परत आला. एक नखाएवढी जागा नाही आली. बाई म्हणाल्या, राहू दे.

गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि भाचीकडे ठाण्याला गेल्या. गेल्या थंडीत मी भेटायला गेले होते. बारावा मजला, गॅलरीत भरपूर ऊन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, गळ्यात भिंग तसंच, आणि समोर भाचीची स्वयंपाकीण हात पुढे करून बसलेली. मी नमस्कार करायला वाकले तर हनुवटी धरून आधी माझं कपाळ उन्हात घेतलं, बघितलं, सोडलं. मग म्हणाल्या, "बसा, सेक्रेटरीबाई."

चहा झाला. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं मी विचारलं. म्हटलं, बाई, त्या दिवशी पार्किंगमध्ये माझं नाव घेतलं असतंत तर बाकडं राहिलं असतं. का नाही घेतलंत?

त्यांनी स्वयंपाकिणीचा हात उलटा करून तळवा उजेडाला धरला आणि तो बघता बघताच म्हणाल्या,

"जिभेवर आलं होतं हो. तेव्हा तुम्ही मला अजिबात आवडत नव्हतात. पण तुमचा केसपेपर निघाला होता ना."